फोनवर मंजुरी

३१ मार्च २०२३, शुक्रवार. आदल्या दिवशी रामनवमीची सुट्टी झालेली. दुसऱ्या दिवशी एकादशी, नाशिकच्या पंचवटीत रामाचा रथ, म्हणजे अर्धी पोरं दांडी मारणार हे ठरलेलंच. वर्षाचं जेवढं टार्गेट उरलंय तेवढं त्या एका दिवसात ओढायचं होतं. मी तेव्हा पाथर्डी फाट्याच्या बाजूला, हायवेलगतच्या एका कार वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर होतो. गाडी आली की जॉब कार्ड बनवायचं, एस्टिमेट सांगायचं, संध्याकाळी बिल समजावून चावी हातात द्यायची. पगार बेताचा, वर इन्सेंटिव्ह. आणि इन्सेंटिव्ह ऑइल बदलण्यावर नसतो. तो असतो इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग असल्या वरकामांवर.

सकाळी साडेनऊला ओझरहून एक काका आले. पेट्रोल हॅचबॅक, चाळीस हजार किलोमीटरची सर्व्हिस. मी सवयीने यादी वाचली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "ऑइल, फिल्टर, प्लग करा. ब्रेक पॅड नको, इंजेक्टर नको, एसीचं नको." पॅडबद्दल मी पुन्हा एकदा रेटून पाहिलं. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली. जानेवारीत चाकं फिरवून बसवली तेव्हा त्यांनी स्वतः वर्नियरने पॅडची जाडी मोजली होती. डावा साडेसहा मिलिमीटर, उजवा सहा. "नवा अकराचा असतो. तीनला आला की बदलेन. माझ्या चालवण्याने अजून तीन वर्षं तरी." एस्टिमेट झालं ६,१८० रुपये. त्यांनी सही केली, मी शेऱ्यात तीनही नकार लिहिले आणि ते बसने निघून गेले.

साडेअकराला फ्लोअर सुपरवायझर कार्ड घेऊन आला. म्हणाला, "पॅड सहावर आहेत. टाकून दे. सेफ्टी आयटम आहे, कोण भांडायला येतंय?"

पॅड दोन मिलिमीटरवर आलेला असतो आणि गिऱ्हाईक पैशासाठी नको म्हणतं, तेव्हा आम्ही अक्षरशः विनवण्या करतो आणि तरी ऐकलं नाही तर तसं लिहून सही घेतो. ती खरी सेफ्टी. सहावरचा पॅड म्हणजे सेफ्टी नाही, तो ३१ मार्च आहे. हे मला तेव्हाही कळत होतं.

एस्टिमेट वाढवायचं तर सॉफ्टवेअर विचारतं, मंजुरी कशी घेतली? सही, मेसेज की फोन? मी ‘फोन’वर टिचकी मारली. एक नंबर फिरवायला अर्धं मिनिट लागलं असतं, पण फिरवला तर ते नाही म्हणणार हे माहीत होतं, म्हणून फिरवला नाही. तीनही कामं चढवली. पॅड २,८००, त्याची लेबर ६५०, इंजेक्टर क्लीनिंग १,४५०, एसी ८५०.

संध्याकाळी साडेपाचला काका आले. उन्हातून आल्यावर आधी पाणी प्यायले, चष्मा पुसला आणि बिल वरून खाली वाचलं. मग खालून वर. ११,९३० रुपये.

"हे मी नको म्हटलं होतं."

"काका, पॅडचं जरा सेफ्टीचं होतं. फोनवर बोलणं झालं ना आपलं?"

मी हे त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो. आजही आठवलं की कानशिलं गरम होतात.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

आवाज चढला नव्हता. बटणाचा साधा फोन होता. त्यांनी आलेल्या कॉलची यादी उघडली आणि फोन काउंटरवर माझ्याकडे तोंड करून ठेवला. त्या दिवशीचा एकच कॉल होता, दुपारी, ‘मुलगी’. यादी बंद होऊन स्क्रीन काळी झाली, त्यांनी बटण दाबून पुन्हा उघडली. दोनदा. मी काहीच बोललो नाही.

मॅनेजर साहेब केबिनमधून आले. आधी दहा टक्के सूट. मग लेबर माफ. मग "जाऊ द्या, पॅडच फ्री करतो, नवीन माल मिळाला, खूश व्हा!" दुसरं कुणीही असतं तर इथे मिटलं असतं, फुकटात पॅड कोण सोडतो? काका म्हणाले, "सूट मागितली का मी? माझे पॅड मला परत लावून द्या."

साहेबांचा पारा चढला. बिल भरल्याशिवाय गेट पास निघत नाही, म्हणाले. हे वाक्य आम्ही सगळेच फेकायचो. पुढे एका वकील गिऱ्हाइकाने मला त्यातली हवा काढून दाखवली. गाडी अडवून ठेवायचा हक्क १८७२ च्या करार कायद्यात आहे, कलम १७०, पण तो ज्या कामासाठी गाडी सोपवली त्या कामाच्या पैशापुरता. न सांगितलेल्या कामाला तो लागत नाही. वर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबरही त्यांनीच माझ्या फोनमध्ये टाकून दिला, ‘तुमच्यासारख्यांसाठी’ म्हणून. काकांनी मात्र कुठलंच कलम काढलं नाही. ठरलेल्या ६,१८० च्या नोटा मोजून काउंटरवर ठेवल्या, वर पेपरवेट ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसले.

जुने पॅड भंगारच्या ड्रममध्ये गेले होते. लिंक रोडचा भंगारवाला शनिवारी यायचा, हे माझं नशीब. मी आणि मिस्त्री, दोघांनी मागच्या शेडमध्ये ड्रम आडवा केला. काळ्या ऑइलचे फिल्टर, तुटके क्लिप, क्लच प्लेटा आणि वीस-पंचवीस पॅड, सगळे सारखेच काळे. यातले यांचे कुठले? काका मागे येऊन उभे राहिले होते. "पाठीवर पांढरा ठिपका आहे. जानेवारीतच लावलाय." मिस्त्री पॅड लुगड्याच्या चिंधीने पुसत गेला आणि एकेक करून चारही सापडले. मला ते ठिपके बघून हसावं की रडावं कळेना.

मग त्यांनी दुसरा प्रश्न टाकला. "इंजेक्टर क्लीनिंगचा रिकामा डबा कुठाय?"

मी ड्रमकडे बघितलं. मिस्त्री माझ्याकडे. माणूस मालेगावचा, पोटात काही ठेवत नाही. "केलंच नाही भो," तो सरळ म्हणाला. "टाइम कुठे होता? एसीचंबी नाही केलं. वरून आलं, तसं कार्डावर टिक केलं."

म्हणजे नको म्हटलेल्या तीन कामांपैकी एक केलं होतं आणि दोन नुसतीच लिहिली होती. काका पहिल्यांदा हसले. "बरं झालं. तेवढं उलटं करायला नको."

कॅलिपर खोलून जुने पॅड बसवायला पाऊण तास गेला. मिस्त्रीने पेडल तीन-चारदा पंप करून दाखवलं, हायवेला एक फेरी मारून आणली. बिल ६,१८० चं झालं. मला वाटलं सुटलो. तर काकांनी जॉब कार्ड मागितलं. ‘फोनवर मंजुरी’ या छापील ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे खोडा."

मी पेनाने गिरवायला लागलो. त्यांनी हात धरला. "असं नाही. एकच रेघ मारा. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं काय ते लिहा, वेळ टाका, सही करा." तेव्हा कळलं, काका ओझरच्या एचएएलमध्ये, विमानांच्या कारखान्यात, इन्स्पेक्शनला होते. मिगपासून सुखोईपर्यंत. सही असल्याशिवाय तिथे काम होत नाही, म्हणाले, आणि काम झाल्याशिवाय सही होत नाही.

मी रेघ मारली. शेजारी लिहिलं, ‘फोन केला नाही. ७.१०.’ खाली सही. साहेब केबिनमधून बघत होते.

उघडलेले पॅड स्टोअरने परत घेतले नाहीत, २,८०० माझ्या पगारातून गेले. इन्सेंटिव्ह अर्थात नाहीच. वर्षभरात मी ती नोकरी सोडली. नव्या जागी, कामाला लागून महिना झाला असेल, काका गाडी घेऊन हजर. कुणाकडून पत्ता काढला ते सांगितलं नाही. आता दर सर्व्हिसला माझ्याकडेच येतात, आणि मी नसलो तर चावी न देता बसून राहतात.

ते नवे पॅड माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहेत, खोक्यासकट. मागच्या खेपेला चाक काढलं तेव्हा मी वर्नियर त्यांच्या हातात दिला. उजवा ३.८ भरला. मी खणाकडे हात नेला.

"थांबा हो," काका डायरीत आकडा लिहीत म्हणाले, "अजून आठ दशांश आहेत."