कन्सोलवर गेम नेण्यासाठी सरकारी अनुदान : माझा अनुभव

पीसीवर आमचा गेम बऱ्यापैकी चालला, तेव्हापासून कन्सोलवर, म्हणजे प्लेस्टेशनसारख्या खेळाच्या यंत्रांवर, जायचं मनात होतं. पैसा पुरत नव्हता, म्हणून स्थानिक डेव्हलपर्ससाठीच्या सरकारी योजनेत अर्ज केला. कंपनीची नोंदणी, ताळेबंद, खेळून बघता येईल असा बिल्ड, थोडा व्हिडिओ. अर्ज तसा सोपा होता. कस लागला तो अंदाजपत्रकावर.

आमचा गेम गोडो इंजिनात, म्हणजे गेम बनवायच्या एका सॉफ्टवेअरमध्ये, बनवलाय. छाननी समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "इंजिन फुकट आहे ना, मग पोर्टिंगला एवढा खर्च कशाला?" पोर्टिंग म्हणजे गेम दुसऱ्या यंत्रावर चालेल असा करणं. प्रश्न रास्तच होता. गोडोचा कोड सगळ्यांना खुला, तर सोनी, निन्टेन्डो, मायक्रोसॉफ्ट यांच्या कन्सोलसाठी लागणारा कोड गुप्तता कराराखाली. तो खुल्या इंजिनात घालता येत नाही. मग पोर्ट स्वतः लिहायचा, नाहीतर हे काम करणाऱ्या कंपनीला पैसे मोजायचे. हे सांगितल्यावर रक्कम मान्य झाली.

हाच करार पुढे आडवा आला. योजनेला प्रत्येक खर्चाचा पुरावा हवा, आणि डेव्ह किटचा (डेव्हलपर्सना गेम बनवायला-तपासायला मिळणाऱ्या खास कन्सोलचा) साधा फोटोही आम्ही कुणाला दाखवू शकत नव्हतो. शेवटी कन्सोल कंपनीलाच लेखी विचारलं. किटचा तपशील झाकलेलं बिल आणि आम्ही त्यांचे नोंदणीकृत डेव्हलपर असल्याचं पत्र, एवढ्यावर काम झालं. अर्ज करणाऱ्यांनी हे सुरुवातीलाच विचारून ठेवा, नाहीतर उत्तर येईपर्यंत अनुदानाचा हप्ता अडकतो.

वयोगटाचं रेटिंग आयएआरसी या आंतरराष्ट्रीय रेटिंग व्यवस्थेच्या प्रश्नावलीतून विनाशुल्क मिळालं.

टेस्टिंगसाठी वेगळी रक्कम मागितली होती आणि ती मिळाली, याचं मला फार समाधान आहे. सोनीची टीआरसी, मायक्रोसॉफ्टची एक्सआर, निन्टेन्डोचा लॉटचेक. या त्या-त्या कंपनीच्या तांत्रिक तपासण्या, म्हणजेच सर्टिफिकेशन. यांतून पार पडल्याशिवाय गेम विक्रीला लागत नाही. गेम मजेदार आहे का, हे तिथे कुणी बघत नाही. कंट्रोलरची बॅटरी संपली तर काय होतं, कन्सोल झोपवून पुन्हा उठवला तर काय होतं, ते बघतात. अनुदानातून घेतलेल्या टेस्टरने नेमकी अशीच गोष्ट पकडली. सेव्ह होत असतानाच कंट्रोलर बंद पडला, तर 'कंट्रोलर जोडा' ही सूचना सेव्हच्या पडद्यामागे लपायची. खेळणाऱ्याला वाटणार, गेमच गोठला. तपासणीला पाठवण्याआधीच ते दुरुस्त झालं. माझ्या मते अशा योजनांनी टेस्टिंगचा खर्च सक्तीने वेगळा धरायला हवा. छोट्या टीमचे पैसे संपतात ते इथेच.

शेवटचा हप्ता गेम प्रत्यक्ष विक्रीला लागल्यावरच मिळेल, असा नियम होता. पण स्टोअरवरची तारीख सर्वस्वी आमच्या हातात नसते. तसं पत्र दिल्यावर अधिकाऱ्यांनी निम्मी रक्कम सर्टिफिकेशन पार पडल्याच्या निरोपावरच सोडली. जपानी आणि कोरियन भाषांतराचं बिल आम्ही त्यातूनच भागवलं.