तुम्ही विचारलंत म्हणून: कपाळावरच्या पट्टीबद्दल

‘मॅडम, ते मेंदूचं मशीन लावलंत तर मध्येच जाग येणार नाही ना?’ ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला तपासायला गेलं की हा प्रश्न ठरलेलाच. ‘खात्री देत नाही’ म्हटलं की नातेवाइकांचे चेहरे बदलतात. मी टाळतेय असं त्यांना वाटतं. मी टाळत नाही.

ते मशीन म्हणजे बीआयएस, भूल किती खोल आहे ते मोजणारं. त्याची पट्टी कपाळावरून मेंदूच्या विद्युतलहरी टिपते आणि 0 ते 100 मधला एक आकडा दाखवते. आकडा जितका जास्त, तितकी जाग जास्त. 40 ते 60 म्हणजे भूल पुरेशी. भूलशास्त्र नवीन शिकले होते तेव्हा या आकड्यावर माझा फार विश्वास होता.

मग ती बाई आली. गर्भनलिकेतला गर्भ फुटून पोटात रक्त साचलेलं, वरचा रक्तदाब जेमतेम 70. अशा वेळी भूल हातचं राखूनच द्यावी लागते. जास्त दिली तर हृदयच साथ सोडतं. आकडा साठच्या खालीच होता. ती वाचली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, ‘कुणीतरी सक्शन मागत होतं. मला बोट हलवायचं होतं, हलेना. ओरडायचं होतं.’ नवरा म्हणाला, ‘स्वप्न पडलं असेल गं.’ मी त्याला थांबवलं. सक्शन, म्हणजे साचलेलं रक्त ओढून घेणारी नळी, खरोखरच मागितलं होतं. तिने विचारलं, ‘मग मशीनला कळलं नाही?’

नाही कळलं. भुलीसोबत दिलेलं स्नायू शिथिल करणारं औषध कपाळाचे स्नायूही गप्प करतं, आणि आकडा त्यानेही उतरतो. ऑस्ट्रेलियात पूर्ण जाग्या स्वयंसेवकांना फक्त हेच औषध दिलं, तरी आकडा 60 च्या खाली गेला. हा अभ्यास 2015 चा.

म्हणून पट्टी निरुपयोगी? तसंही नाही. 2004 च्या अभ्यासात जास्त जोखमीच्या सुमारे 2,500 रुग्णांपैकी पट्टीच्या गटात 2 जणांना ऑपरेशन चालू असताना जाग आली, पट्टी नसलेल्या गटात 11 जणांना. पण 2011 मध्ये, श्वासातल्या भुलीच्या गॅसच्या प्रमाणावर अलार्म लावलेल्या गटाशी तुलना केली, तेव्हा जाग आलेले पट्टीच्या गटातच जास्त निघाले: 7 विरुद्ध 2. सगळी भूल शिरेतून द्यायची असेल तर मोजायला गॅसच नसतो. तिथे मी पट्टी लावतेच, महाग असली तरी.

आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला विचारते: झोपण्याआधीचं शेवटचं काय आठवतं? जाग आल्यावरचं पहिलं? मधलं काही?

त्या दिवशी आकडा 80 दिसला असता, तर 70 च्या रक्तदाबावर मी भूल वाढवली असती का? कधी वाटतं, थोडी तरी वाढवली असती. कधी वाटतं, मग ती टेबलावरच गेली असती.