साल्हेर-सालोटा : एक खिंड, दोन माथे आणि वावभर सुतळी

"आधी धाकटा, मग थोरला," एवढंच बोलून आमचे वाटाडे काका चालायला लागले. पहाटेचे पावणेसहा, डिसेंबरातली नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणची थंडी, पायथ्याच्या वाघांब्याची शेवटची घरं मागे पडलेली. मी आणि माझा मेहुणा डोक्याला टॉर्च बांधून त्यांच्या मागे. आमचा बेत उलटा होता. ताज्या दमात साल्हेर उरकायचा आणि वेळ उरलाच तर सालोटा. साल्हेर १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, कळसूबाईखालोखालचं दुसरं शिखर. शेजारचा सालोटा त्याच्यापुढे लहानखुरा. घरी नकाशा पसरून बसलं की उंचीचे आकडे दिसतात, घसारा, म्हणजे सुट्या मुरमाचा निसरडा उतार, काही दिसत नाही.

काकांना कारण विचारलं, तर म्हणाले, "दमलेल्या पायानं सालोटा उतरायचा नाही." पुढे काहीच नाही. खिंडीपर्यंतच्या दोन तासांत ते एकूण चार वाक्यं बोलले असतील.

खिंडीची वाट मात्र सरळ आहे. आधी शेतं, मग सोंडेवरून चढ, मग गवत. डिसेंबरात हे गवत कमरेएवढं आणि वाळून पिवळं झालेलं असतं. त्यावर पाय पडला की तेल लावल्यासारखा सटकतो. उजाडलं तेव्हा आम्ही दोन्ही डोंगरांच्या मधोमध होतो आणि डोंगर प्रथमच धडपणे दिसले. साल्हेर म्हणजे कातळाच्या चौथऱ्यावर ठेवलेला भलामोठा त्रिकोण. समोरचा सालोटा मात्र एखादा अरुंद सुळका जाड व्हायला लागावा आणि मध्येच थांबावा तसा.

सह्याद्रीत असं का दिसतं, तर हे सगळे डोंगर लाव्ह्याच्या थरांचे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर साचले. घट्ट बसाल्टचा थर झिजायला नाखूश, म्हणून तिथे उभा कडा राहतो. दोन कड्यांमधला भुसभुशीत थर लवकर सुटतो, म्हणून तिथे गवताळ उतार. कडा, उतार, पुन्हा कडा. चढणाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर दोनदा हात लागतात आणि तीनदा दम लागतो.

आठच्या सुमारास खिंडीत पोचलो. जड सॅक एका झुडपाआड ठेवल्या, पाण्याची एकेक बाटली घेतली आणि सालोट्याच्या बाजूला वळलो.

सुरुवातीला कड्याच्या पोटातून आडवी वाट. एक पाऊल रुंद, डावा हात कातळावर, उजवीकडे दरी. मग अचानक पायऱ्या सुरू होतात. पायऱ्या म्हणायचं, पण वरून कोसळलेल्या दरडीने त्यांतल्या बऱ्याच गिळून टाकल्या आहेत. कुठे एखादी कडा डोकावते, बाकी सगळा मुरूम आणि सुटे दगड. दोन धोंडे तर पायऱ्यांच्या नळीत असे अडकून बसलेत की त्यांना मिठी मारूनच वर सरकावं लागतं. ही जागा कठीण म्हणता येणार नाही. हाताला खाचा चांगल्या आहेत, पावलाला जागा आहे. फक्त धरलेला प्रत्येक दगड आपल्या जागी राहील असं गृहीत धरायचं नाही. आधी थोपटायचा, पोकळ वाजला तर सोडून द्यायचा. तीन बिंदू पक्के, चौथा हलता : दोन पाय एक हात, किंवा दोन हात एक पाय. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. घसाऱ्यावर पाय सुटला की पहिलं हेच विसरतं.

आणि तिथेच माझ्या उजव्या बुटाने तोंड उघडलं.

अक्षरशः. एका दगडावर जोर देऊन वर आलो आणि बघतो तर सोल चवड्याकडून टाचेपर्यंत सुटून लोंबतोय, मगरीच्या जबड्यासारखा. बूट नवा दिसत होता, कारण चार वर्षं कपाटात जपून ठेवला होता. इथे थोडं विषयांतर करतो, कारण हे आधी ठाऊक असतं तर बरं झालं असतं. अनेक ट्रेकिंग बुटांच्या सोलवरचा मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतला दमटपणा हळूहळू त्याचे बंध तोडतो. बूट वापरात नसला तरी हे चालूच राहतं. बाहेरून सगळं ठाकठीक आणि आतून त्याचा भुगा. सोलच्या आतून मी बोटाने खरवडलं तर ओल्या बिस्किटासारखे तुकडे हातात आले. तेव्हा जपून ठेवलेला बूट कड्यावर न्यायच्या आधी अंगठ्याने दाबून, वाकवून बघा. मी बघितला नव्हता. त्यात बुटाचा काही दोष नाही.

मेहुणा म्हणाला, "परत फिरू या." मी गप्प. काकांनी खिशातून सुतळीचं बंडल काढलं. वावभर सुतळी दोनपदरी केली, चवड्याखालून घेतली, घोट्यामागून फिरवली, वर आणून आवळली आणि गाठ बाहेरच्या बाजूला मारली. "आतल्या बाजूला गाठ घेतली तर दुसऱ्या पायाला अडकते," हे त्यांचं दिवसातलं सर्वांत लांब वाक्य. स्वतः रबरी चपला घालून आलेला माणूस माझ्या बुटाची डागडुजी करत होता. मी पायाकडे बघत बसलो.

पुढे पडके दरवाजे लागतात, मग कातळात खोदलेली टाकी, मग माथा. माथा लहानच. पण सालोट्यावर यायचं ते साल्हेर बघायला. समोरच्या कड्याच्या छातीवर एक बारीक आडवी रेघ दिसत होती. ती रेघ म्हणजे आमची दुपारची वाट. काकांनी बोटाने दाखवलं : हा खालचा दरवाजा, तिथून कड्याला धरून आडवं, मग वरचा दरवाजा, मग पठार, मग टोक. जवळ गेलं की यातलं काही कळत नाही, कारण तेव्हा नाकासमोर फक्त दगड असतो. शेजारच्या शिखरावर आधी जाण्याचा हा फायदा कुठल्याच नकाशात लिहिलेला नसतो. धाकट्याच्या डोक्यावर उभं राहून थोरल्याची वाट पाठ करून घ्यायची.

उतरताना काकांनी एकच हुकूम सोडला, "तोंड कातळाकडे, पाठ दरीकडे." सुतळी बांधलेला पाय दर पावलाला थोडा घसरत होता, म्हणून मी प्रत्येक खाच आधी नजरेने, मग बोटाने, मग बुटाने तपासत उतरलो. वर जायला पाऊण तास लागला होता, खिंडीत परतायला सव्वा तास.

आता साल्हेर. खरं सांगायचं तर इथे सांगण्यासारखी धडपड कमी आहे. पायऱ्या खणखणीत, दरवाजे उभे, वाट स्वच्छ. मधली आडवी वाट मात्र लक्षात राहते. एका हाताला कातळ आणि त्यात रांगेने कोरलेल्या गुहा, दुसऱ्या हाताला सरळ खाली पडणारी हवा. सकाळी जी रेघ म्हणून पाहिली ती चालायला चांगली प्रशस्त निघाली. सालोट्यावरून मेहुण्याचा या रेघेकडे बघूनच चेहरा उतरला होता. इथे तो पुढे चालत शीळ घालत होता.

वरच्या दरवाजांतून आत गेलं की एकदम पठार. गंगासागर तलाव, रेणुकामातेचं देऊळ. गडाचा पसारा इथे कळतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्यातले जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत साल्हेर आहे.

शेवटचा टप्पा म्हणजे परशुराम मंदिराचं टोक. घसरडी, खडी चढण. इथे पुन्हा हात टेकले. दीड वाजता वर पोचलो. टोकावर देऊळ, चार माणसं जेमतेम बसतील एवढी जागा आणि कान बंद करणारा वारा. परशुरामाने इथूनच बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकण घडवलं, अशी कथा आहे. एका बाजूला मांगी-तुंगीची जोडी, मुल्हेर, मोरा, हरगड. दुसरीकडे गुजरातेतल्या डांगच्या टेकड्या. आणि खाली, अगदी पायाशी, सालोटा. सकाळी त्याच्या माथ्यावर मी मान वर करून उभा होतो, आता तो गवताचा उंचवटा वाटत होता. ज्या नळीत माझा बूट फाटला ती नळी शोधून सापडेना.

गडाच्या परिसरात १६७२ साली मराठे आणि मुघल समोरासमोर लढले. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर एकीकडे, इखलासखान आणि बहलोलखान दुसरीकडे. मराठ्यांकडचे सूर्यराव काकडे याच लढाईत पडले. बखरकार सभासदाने लिहिलंय की धुरळा असा उडाला की तीन कोसांत आपलं-परकं माणूस ओळखू येईना. वाचताना मला ही अतिशयोक्ती वाटायची. पण सालोट्याच्या घसाऱ्यात आमच्या तिघांच्या पायांनी उडालेली धूळ अजून दातांत कचकचत होती. हजारो घोडे खालच्या मोकळवनात फिरले असतील तर काय झालं असेल, हे वरून बघताना पटकन पटलं.

साल्हेरवाडीकडे उतरून डोंगर आरपार करायचा मूळ बेत होता. सुतळीकडे बघून तो सोडला. आल्या वाटेने चारला खिंडीत, साडेपाचला वाघांब्यात. सुतळी दोनदा सैल झाली, दोनदा काकांनी न बोलता वाकून आवळली.

गाडीशी मी बूट काढले, चपला घातल्या. बूट तिथेच कुठे टाकावेत का, असा विचार करत होतो. काका खाली बसले, गाठ सोडली, सुतळी बुटावरून उलगडली, झटकली आणि बोटांभोवती गुंडाळत बंडल पुन्हा खिशात टाकलं.

"बूट तुमचे तुम्ही घेऊन जा," ते म्हणाले.