धोब्यांची वही : तिसरा हिवाळा

यंदाची पहिलीच नोंद खोडावी लागली. ४ सप्टेंबरला सोमेश्वर धबधब्याच्या अलीकडे, गोदावरीच्या कातळावर राखी पाठीचा एक धोबी पक्षी दिसला आणि मी घाईघाईने लिहून टाकलं, ‘पांढरा धोबी, पहिला!’ मागच्या वर्षीपेक्षा तीन आठवडे आधी. ग्रुपवर फोटो टाकला, अंगठे आले, मी हवेत. चार दिवसांनी त्याच कातळावर तोच पक्षी पंख थरथरवत, चोच वासून बसला होता आणि एक काळाभोर कवड्या धोबी त्याच्या घशात किडे कोंबत होता. सायबेरियाहून आलेल्या पाहुण्याला नाशिकमध्ये असं कोण भरवणार? ते कवड्याचं पिल्लू होतं.

ज्यांची ही चूक अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी सांगतो. कवड्याची पिल्लं आईबापांसारखी काळी नसतात, मातकट राखी असतात. लांबून, त्यातही सकाळच्या उलट्या उजेडात, हमखास फसवतात. आता मी पाठ बघतच नाही, आधी कपाळ बघतो. पांढऱ्या धोब्याचं कपाळ पांढरं असतं. कवड्याच्या डोक्याचा गडद रंग थेट चोचीला भिडतो, पांढरी असते ती नुसती भुवई. पिल्लाचंही तेच, फक्त काळ्याच्या जागी राखी.

या एका खाडाखोडीने मागची दोन वर्षंही उकरून काढावी लागली. पहिल्या वर्षी मी सरसकट ‘धोबी’ एवढंच लिहीत होतो. त्यात मे महिन्यात दिसलेले धोबीही होते, आणि त्यांवरून मी ‘काही पक्षी परत जात नसावेत’ असा शोध लावून ठेवला होता. हे मे महिन्यातले सगळे कवड्ये. ते जाणार कुठे? कवड्या भारतीय उपखंडाबाहेर घरटं करत नाही. त्याचं सासरमाहेर सगळं इथेच. म्हणून यंदा वहीत प्रत्येक धोब्याला वेगळं पान दिलं आहे.

करड्या धोब्याचं पान सगळ्यात आधी उघडलं, १२ सप्टेंबरला. धबधब्याच्या खालच्या अंगाला, तुषार उडतात तिथे. लांबलचक शेपटी, पोटाखाली पिवळसर झाक, आणि ‘चिट्-चिट्’ असा धारदार आवाज. हिमालयातल्या ओढ्यांकाठी वीण उरकून हा हिवाळी पाहुण्यांत फार लवकर खाली उतरतो. वाहतं पाणी आणि दगड सोडून फारसा हलत नाही, त्यामुळे त्याच्या नोंदी सोप्या आणि थोड्या कंटाळवाण्याही.

पांढऱ्याला मात्र चिखल लागतो. सप्टेंबरात नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी चढलं होतं. ते उतरून काठावर गाळ उघडा पडला आणि २९ सप्टेंबरला रामकुंडाच्या खालच्या बाजूला तीन पक्षी दिसले. कपाळ पांढरं, कवड्याहून अंगाने लहान. या वेळी दोनदा खात्री केली आणि मगच लिहिलं.

आता मजेचा भाग. आपल्याकडे येणारे पांढरे धोबीसुद्धा एकाच गावचे नसतात. आइसलँडपासून पार पूर्व आशियापर्यंत या जातीची वीण होते आणि तिच्या अनेक उपजाती आहेत. आपल्याकडे हिवाळ्यात जी मुख्यतः दिसते तिचं नाव ‘दुखुनेन्सिस’. दुखुन म्हणजे दख्खन! कर्नल सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली, तेव्हा त्याने हे नाव दिलं. गंमत अशी की नाव दख्खनचं आणि घरटं पश्चिम सायबेरियात. आजचे बरेच अभ्यासक तिला युरोपातल्या ‘आल्बा’ उपजातीतच मिसळतात. मिसळोत बापडे. माझ्या वहीत ती दख्खनीच राहील.

दुसरी उपजात ‘पर्सोनाटा’, म्हणजे मुखवट्याची. ती येते हिंदुकुश, तियानशान, गिलगिटकडून. तिचे गालही काळे असतात, त्यामुळे पांढरं कपाळ आणि डोळ्याभोवतीचा पांढरा भाग मुखवट्याला भोकं पाडल्यासारखा उठून दिसतो. दख्खनीचे गाल पांढरे. हिवाळी पिसाऱ्यात तिच्या छातीवर काळी कोर तेवढी उरते.

हे सगळं वाचून मी जानेवारीत निफाडकडे एका ओळखीच्या काकांच्या कांद्यात जाऊन बसलो. थंडी अशी की दुर्बिणीची काच पुसावी की हात चोळावेत हे कळेना. उन्हाळ कांद्याची लागण नुकतीच झाली होती. काका दारं धरत होते. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात शिरलं की भेगांतले किडे बाहेर पडायचे आणि धोबी पाण्याच्या पुढच्या कडेबरोबर पळत सुटायचे, अगदी बोटभर अंतर ठेवून. चार पावलं पळायचं, थांबायचं, शेपटी हलवायची, टिपायचं. एकाचा पाय भिजला तसा तो टुणकन उडून वरंब्यावर बसला.

‘काय मोजताय सर?’

‘परीट मोजतोय काका.’

‘मोजा. पाणी सोडलं की येतात, बंद केलं की गेले. मजूर असे पाहिजेत.’

चाळीसच्या आसपास पक्षी होते, त्यात मुखवट्याचे दोन. बाकीच्यांत दख्खनीची खूण मानला जाणारा, पंखावरचा पांढऱ्याचा सलग पट्टा किती जणांचा होता ते सांगायची हिंमत नाही. फोटो काढले आहेत, पण हिवाळी पिसाऱ्यात या पट्ट्यावरून पैज लावू नये, एवढं शिकलो.

आपण ज्याला उपजाती-बिपजाती म्हणतो त्या भानगडीत वराहमिहिर आपल्याआधी दीड हजार वर्षं शिरला होता, हे यंदा समजलं. त्याच्या बृहत्संहितेत खंजनाच्या, म्हणजे धोब्याच्या, शकुनांवर अख्खा अध्याय आहे आणि त्यात भेद केले आहेत ते गळ्यावरच्या काळ्यावरून. गळा काळा तो भद्र, काळं तोंडापर्यंत चढलेला तो संपूर्ण, गळ्याला नुसता ठिपका असलेला तो रिक्त, आणि पिवळा तो गोपीत, म्हणजे क्लेश देणारा. शकुनाचं सोडा, पण माणसाने पक्षी जवळून बघितले होते. माझ्या मते यातले काही ‘प्रकार’ म्हणजे एकच पक्षी वेगवेगळ्या महिन्यांत पाहिलेला असावा.

असं वाटायला कारण मार्च. हिवाळाभर पांढरी असलेली हनुवटी फेब्रुवारीअखेर मळल्यासारखी दिसायला लागते. मग छातीवरची कोर वर सरकते, आणि मार्चच्या मध्यापर्यंत काही नरांचा गळा चोचीपर्यंत काळा होतो. रिक्ताचा संपूर्ण झाला म्हणा ना. घाटावर एकच पायरी धरून बसणारा एक नर मी दर रविवारी बघत होतो (तोच होता असं मी मानतो, पायात कडं नाही). ८ मार्चला त्याच्या गळ्यावर काळे-पांढरे तुकडे होते, २२ला संपूर्ण काळा, २९ला पायरी रिकामी. तिकडे पोचल्यावर दगडांच्या फटीत घरटं, पाच-सहा अंडी, दोनेक आठवडे उबवणी आणि जवळपास तितकेच दिवस पिल्लांना भरवणं.

रातथाऱ्याची, म्हणजे रात्री एकत्र झोपायला येणाऱ्या धोब्यांची, मोजणी मात्र सपशेल फसली. नांदूर मध्यमेश्वरला, गोदावरी-कादवाच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे पाणकणसात धोबी संध्याकाळी टोळ्यांनी उतरतात. तीन संध्याकाळी बसलो. सूर्य टेकला की पिवळे धोबी आणि पांढरे धोबी एकत्रच येतात, अंधारात सगळे सारखेच. आवाजावरून वेगळे करू म्हटलं तर वर भोरड्यांचा (गुलाबी मैनांचा) गलका. तीन दिवसांचे तीन आकडे आले आणि तिन्हींवर माझा विश्वास नाही, म्हणून इथे देत नाही. कुणी दोघं-तिघं बरोबर येणार असाल तर पुढच्या डिसेंबरात दिशा वाटून घेऊन मोजू.

शेवटचा पांढरा ११ एप्रिलला, गंगापूर धरणाच्या काठावर, एकटाच.

कवड्याचं पान सुरूच आहे. गेल्या वर्षी ज्या जोडीचं घरटं घाटाच्या भिंतीतल्या पाणी जायच्या भोकात होतं (जागा मुद्दाम लिहीत नाही), ते भोक डागडुजीत सिमेंटने बुजलं. तेव्हा मी पिल्लांची विष्ठा चोचीत उचलून नदीवर टाकून येणारी मादी तासभर बघितली होती, म्हणून जरा वाईट वाटलं. काल गेलो तर नर कठड्यावर बसून शीळ घालत होता आणि मादी वीसेक पावलांवरच्या लोखंडी पाइपात गवताची काडी घेऊन शिरत होती. काडी आडवी धरलेली, त्यामुळे पाइपाच्या तोंडाशी दोनदा अडकली. तिसऱ्यांदा मान वाकडी करून आत गेली.