पोवाड्यातल्या ‘जी जी’चा खर्च किती?

नोव्हेंबर २०२४ची विधानसभा निवडणूक. परळच्या आमच्या मंडळींनी एका अपक्ष उमेदवाराचा प्रचार करायचं ठरवलं, एक रुपया न घेता. कुणी पोस्टरं काढली, कुणी पथनाट्य बसवलं, मी पोवाडा लिहिला. चिन्हवाटप ४ नोव्हेंबरला असल्यामुळे शेवटचा चौक, म्हणजे शेवटचं कडवं, कोरा ठेवला होता. चिन्ह मिळालं प्रेशर कुकर. वीररसात कुकर बसवून बघा कधीतरी! तरी बसवला. रेकॉर्डिंगही झकास झालं.

मग आलं पूर्वप्रमाणीकरण. टीव्ही, रेडिओ किंवा सोशल मीडियावर प्रचाराची जाहिरात द्यायची, तर आधी जिल्ह्याच्या एमसीएमसीकडून, म्हणजे माध्यम प्रमाणन आणि संनियंत्रण समितीकडून, ती मंजूर करून घ्यावी लागते. उमेदवाराने प्रसारणाच्या किमान ३ दिवस आधी अर्ज करायचा. सोबत जाहिरातीची फाइल आणि तिच्यातल्या शब्दांच्या लेखी संहितेच्या दोन साक्षांकित प्रती. मुंबईत जिल्हे दोन, शहर आणि उपनगर. आमचा कुठला, ते सांगत नाही. मला पुढेही अर्ज करायचे आहेत.

टेबलावरच्या मॅडमनी हेडफोन लावले आणि संहितेवर बोट ठेवत ऐकायला लागल्या. पहिल्याच चौकात थांबल्या. “हे ‘जी जी रं जी’ कागदावर कुठाय?”

“मॅडम, ती झील आहे. मागचे साथीदार धरतात.”

“ऑडिओत आहे ना? मग कागदावर पाहिजे.”

झालं. जितक्या वेळा झील, तितक्या वेळा टाइप करून पुन्हा दोन प्रती, पुन्हा साक्षांकन. दुसऱ्या खेपेला तुतारी अडली. पोवाडा तुतारीने उघडतो, यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. पण ‘तुतारी वाजवणारा माणूस’ त्याच वर्षी एका पक्षाचं चिन्ह झालेलं. “तुमचं चिन्ह कुकर, मग तुतारी का वाजते?” या प्रश्नाला शाहिरी परंपरेत उत्तर नाही. तुतारी कापली. तिच्या जागी डफ वाढवला.

खरं डोकं फिरलं ते निर्मितीखर्चाच्या रकान्यावर. मी शून्य लिहिलं होतं.

“शून्य चालणार नाही. फुकट कोण करतं?”

“आम्ही.”

“मग बाजारभाव लावा.”

उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख, आणि कुणी फुकट केलेल्या कामाची किंमतही त्यात धरतात. आमचा उमेदवार त्या आकड्याच्या आसपासही नव्हता, पण त्याचे निवडणूक प्रतिनिधी धावत आले आणि माझ्यादेखत माझ्या पोवाड्याचा भाव पाडायला लागले. प्रचारखर्च मोजायच्या दरपत्रकात ढोलताशा होता, शाहीर नव्हता. त्यामुळे डफवाल्याचा दर माझ्यापेक्षा जास्त लागला. तो अजून मला हेच ऐकवतो.

१९४४ साली शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकरांनी लालबावटा कलापथक उभं केलं, ते याच गिरणगावातल्या कामगारांपुढे गायचं. त्यांना कुणी झिलीचा दर विचारला असता तर काय उत्तर मिळालं असतं, याची कल्पना करत मी बाकावर बसून होतो. समितीने दोन दिवसांत निर्णय द्यायचा असतो, पण घड्याळ सुरू होतं अर्ज ‘परिपूर्ण’ झाल्यावर. परिपूर्ण कधी, ते टेबल ठरवतं.

प्रमाणपत्र मिळालं तेव्हा प्रचार संपायला थोडेच दिवस उरले होते. १८ तारखेला संध्याकाळी सगळं बंद. गंमत म्हणजे तोच पोवाडा, तुतारीसकट, आम्ही नाक्यावर रोज म्हणत होतो. तिथे फक्त सभेची आणि लाउडस्पीकरची परवानगी लागली, आणि रात्री १० नंतर माइक बंद. ‘जी जी’ कुणी मोजली नाही.

हो, एक राहिलंच. सर्वांत आधी उमेदवाराची लेखी संमती घ्या. तिच्याशिवाय त्याच्या प्रचारावर स्वतःच्या खिशातून खर्च केलात तर भारतीय न्याय संहितेचं कलम १७६ लागतं. सूट आहे, पण १० रुपयांपर्यंतच, आणि तीही दहा दिवसांत उमेदवाराची मान्यता मिळवली तर. पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापलेला हवा. प्रकाशकाच्या घोषणापत्रावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या लागतात. आमच्या लालबागच्या छापखानेवाल्याने ते कागद स्वतःच पुढे केले, म्हणून ते काम चहा संपायच्या आत उरकलं.