लाईट बिलावरचे युनिट

जागतिक बँकेने 2012 मध्ये कर्ज देण्याची एक नवी पद्धत आणली. ठरलेला निकाल आधी दाखवायचा, मग हप्ता सुटायचा. आशियाई विकास बँकेनेही पुढच्याच वर्षी असाच मार्ग धरला. यात निकाल लागला की नाही हे सांगायला त्रयस्थ माणसं लागतात. नाशिकमध्ये आमची संस्था ते काम करते आणि मी क्षेत्रीय पडताळणी पाहते. पुढची हकिगत अशाच एका पाणीपुरवठा कार्यक्रमातली आहे. बँक आणि गाव यांची नावं मुद्दामच देत नाही.

एप्रिलचा तिसरा आठवडा होता. सावळघाट उतरून आम्ही पेठ तालुक्यातल्या त्या पाड्यावर पोचलो. या पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण काळ्या कातळात तो मुरत नाही. दमणगंगा आणि पार या नद्यांच्या खोऱ्यांतून पश्चिमेकडे निघून जातो. दिवाळीपर्यंत ओढे वाहतात आणि होळी झाली की बायका हंडे घेऊन उतारावरच्या झऱ्याकडे निघतात. गावात सगळ्यांना हे पाठ आहे. तरीही आधीची पडताळणी नोव्हेंबरमध्ये झाली होती आणि गाव ‘निकाल साध्य’ या रकान्यात बसलं होतं.

गावचा पंप आणि पाण्याचं शुद्धीकरण सांभाळणाऱ्या जलसुरक्षकाने नोंदवही पुढे केली. सगळं नीटनेटकं. पंप रोज दोन तास, पाणी शुद्ध करणाऱ्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरची मात्रा, खाली सही. पाण्यात क्लोरीन आहे का हे दाखवणारी ओटी टेस्ट करायची म्हणून मी नळ सोडला. नळाने नुसती हवा सोडली. “आज लाईट नव्हती मॅडम,” तो म्हणाला. शाळेत पंखा फिरत होता.

मी त्याच्याकडे पंपाची लाईट बिलं मागितली. ग्रामपंचायतीच्या कपाटातून ती निघायला अर्धा तास गेला. मोटर पाच हॉर्सपॉवरची, म्हणजे पावणेचार किलोवॉटच्या जवळपास. रोज दोन तास चालली तर महिन्याला सव्वादोनशे युनिट पडायला हवेत. जानेवारीपर्यंतची बिलं त्याच्या आसपास होती. फेब्रुवारीत आकडा निम्म्यावर आला होता आणि मार्चच्या बिलावर होते फक्त नऊ युनिट.

मी बिल त्याच्यासमोर ठेवलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “विहिरीत पाणीच नाही तर मोटर कशाला लावू? आणि वहीत शून्य लिहिलं तर वरून फोन येतो, का नाही चालवली म्हणून.” त्याचं मानधनही काही महिन्यांचं थकलेलं होतं. त्याच्यावर रागवावं असं मला क्षणभरही वाटलं नाही. खरं लिहिलं तर बोलणी बसणार आणि खोटं लिहिलं तर कुणी विचारणार नाही, अशी व्यवस्था आपण उभी केली की वहीत असंच लिहिलं जातं.

बैठक समाजमंदिरात झाली. पुरुष बोलले, सरपंच बोलले. मग पाणीपुरवठा समितीतल्या एक मावशी उठल्या. “ताई, तुम्ही आमचे नळ मोजता, शौचालयं मोजता. आम्ही पास की नापास ते लिहून नेता. पण ज्या बँकेने हे केलं तिला कोण मार्क देतं? आम्हाला तर कुणी विचारलं नाही.”

मी त्यांना सोप्या शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. अशा बँकांनाही गुण मिळतात. जागतिक बँकेचा स्वतंत्र मूल्यमापन गट थेट संचालक मंडळाला उत्तरदायी असतो आणि संपलेल्या प्रकल्पांना सहा पायऱ्यांत दर्जा देतो. बाहेरून बघणारं ‘मोपान’ नावाचं दात्या देशांचं जाळं 2002 पासून आहे. धोरण, कारभार, भागीदारांशी संबंध, कामगिरीवरची देखरेख आणि निकाल अशा अंगांनी ते या संस्था तपासतं. पण त्याचा भर कागदपत्रं, सर्वेक्षणं आणि मुलाखतींवर असतो, आणि ते कागद जिथून वर जातात त्याच्या तळाशी ही नोंदवही आहे. इथे नऊचे सव्वादोनशे झाले तर मोपानच्या पॅरिसमधल्या सचिवालयात कितीही हुशार माणूस बसला तरी त्याला ते दिसणार कसं? मोठ्या संस्थांची कामगिरी सुधारायची असेल तर पहिली दुरुस्ती इथे व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

खालून रेटा गेला की वरची घडी बदलते, हे आपल्याच नाशिक विभागाने पाहिलंय. नंदुरबारच्या मणिबेलीसारख्या गावांनी सरदार सरोवराविरुद्ध लढा दिला. त्या धरणाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेला 1991 मध्ये स्वतंत्र आढाव्यासाठी मोर्स समिती नेमावी लागली. 1992 च्या तिच्या अहवालाने पुनर्वसनातल्या त्रुटी उघड केल्या आणि 1993 मध्ये बँकेने तक्रारी ऐकणारं तपासणी मंडळ स्थापन केलं. जागतिक बँकेच्या पैशावर चाललेल्या प्रकल्पांमुळे बाधित झालेल्या लोकांना तिथे दाद मागता येते.

आमच्यापुढचा पेच वेगळाच होता. ‘साध्य नाही’ लिहिलं तर हप्ता अडणार, आणि तो अडला तर गावाला मिळणार काय? दोन दिवस फोन चालू होते. “निकषात पडताळणीच्या दिवसाचं पाणी म्हटलंय, मग नोव्हेंबरचंच धरा ना,” असंही सुचवलं गेलं. मी ‘साध्य नाही’ लिहिलं आणि बिलांच्या प्रती जोडल्या. सोबत टिपण दिलं: स्रोत हंगामी आहे, दोष गावाच्या वापराचा नाही, हप्ता रोखण्यापेक्षा स्रोताच्या कामासाठी वेगळी तरतूद करावी.

मध्यावधी आढाव्याला दिल्लीहून आलेल्या पथकाने ते टिपण उचलून धरलं. पडताळणी मार्च ते मेमध्येच करायची आणि पंपाचं लाईट बिल पुरावा म्हणून घ्यायचं, हे मान्य झालं. स्रोतासाठीच्या तरतुदीचं उत्तर मात्र अजून आलेलं नाही.

अहवालातलं त्या गावाचं पान मी मराठीत करून ग्रामसेवकांकडे दिलं. पुढच्या 1 मेच्या ग्रामसभेत ते वाचलं गेलं. विहीर आणखी खोल करण्याऐवजी झऱ्यावर टाकी बांधावी आणि जलसुरक्षकाचं थकलेलं मानधन द्यावं, असा ठराव झाला. सूचक म्हणून त्याच मावशींचं नाव आहे.