ब्याण्णवला कडू लागलं

परवाची गोष्ट डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले. साडेअकरा वाजलेत, पंखा गरम हवाच फिरवतोय, छोट्या झोपलाय, आणि मला अजून जिभेच्या मागं ते कडू आहे असं वाटतंय. नसणार म्हणा. दोन दिवस झाले, मधे शेंगाचटणी भाकरी दोनदा खाऊन झाली.

तर फिट टेस्ट झाली आमच्या टीबी वॉर्डची, म्हणजे मास्क तोंडाला नीट बसतो का, कडेनं हवा शिरत नाही ना, ते तपासतात. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. डोक्यावर पारदर्शक टोपडं घालतात, तोंडासमोर एक भोक, त्यातून कडू औषधाचा फवारा मारतात. आधी मास्क न घालता, कडू कळतंय का ते बघायला. मग मास्क घालून. पंधरा मिनिटं आधी काही खायचं नाही, चहापण नाही. साधा श्वास घ्या, झालं. खोल घ्या, झालं. मान डावीउजवीकडं, वरखाली, तेही झालं. मी आपली निवांत, कारण या वॉर्डात नवीन मुलींना मास्क कसा घालायचा ते शिकवते कोण, मीच की. नाकाची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा, चिमटीत धरू नका, दोन्ही तळवे मास्कवर ठेवून फुंका, कडेनं हवा लागली तर परत घाला. पाठ आहे मला.

मग टेस्ट घेणारी मुलगी म्हणाली आता बोला, शंभरपासून उलटे आकडे. शंभर, नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव. पंच्याण्णवला लागलं असतं तर निदान विनोद तरी झाला असता, एन पंच्याण्णव म्हणून. ब्याण्णवला लागलं. भसकन. पाडव्याचा लिंबाचा पाला काहीच नाही त्याच्यापुढं.

ती मुलगी शांतपणे म्हणाली, बोलताना हनुवटीखालून सरकतोय मॅडम, तुमचा चेहरा लहान आहे, हा साईज तुमचा नाही. आणि कागदावर फेल लिहिलं. बारावीत नापास झाले नाही, नर्सिंगला नाही, आणि आता चेहऱ्यात.

हसले तिथं. घरी येताना सात रस्त्याच्या सिग्नलला रिक्षात रडू आलं.

कारण मी दिवसभर करते काय तर बोलते. गोळ्या घेतल्या का, थुंकी डबीत नीट द्या हो, तोंडावरचा मास्क काढू नका आजी, जेवला का. टीबीच्या वॉर्डात गप्प बसून नोकरी होते का कुणाची? म्हणजे गप्प उभी असताना मास्क बरोबर, आणि काम करायला लागले की उघडी. एवढी वर्षं. मग मला वाचवलं कुणी?

तो 95 चा आकडा मी कितीदा सांगितलाय, 0.3 मायक्रॉनचे कण कमीत कमी 95 टक्के अडवतो, मधल्या थरावर विजेचा भार असतो त्याला कण चिकटतात, म्हणून धुवायचा नाही, धुतला की तो भार जातो. सगळं खरं आहे. पण ते मार्क कापडाचे, माझ्या गालाचे नाहीत. हवा काय वेडी आहे का, सोपी वाट सोडून कापडातून जायला.

2020 ला पाच कागदी पिशव्यांवर वार लिहून तेच तेच मास्क फिरवून वापरत होतो. नाकावरच्या वळाचा फोटो मीपण स्टेटसला टाकला होता, लोकांनी हात जोडलेले पाठवले. मला तो वळ म्हणजे पुरावा वाटायचा, मास्क घट्ट बसल्याचा. वळ नाकावर आणि गळती हनुवटीखाली. ताईंचा मास्कसुद्धा त्याच बॉक्समधला होता. जाऊ दे.

आण्णा लूमवर बारा तास तोंडाला टॉवेल बांधून उभे राहायचे, भुवयांवर कापसाचा तूस, बर्फ पडल्यासारखा. दवाखान्यात चला म्हटलं की, टॉवेल आहे की तोंडाला. मी तेव्हा ट्रेनिंगला होते, लई शहाणी होते, कापडाला काय कळतं असं बोलले त्यांना. पुढचं लिहीत नाही.

हां, एक सांगायचं राहिलं. आमचे ब्रदर दाढीमुळं पहिल्याच मिनिटाला फेल. काल दाढी काढून आले तर कुणी ओळखेना, पेशंट विचारतात नवीन आलेत का. त्यांना निदान काढायला दाढी होती. माझी हनुवटी काढून कुठं ठेवू?

खरं सांगू का, मला वाचवलं असेल तर बहुतेक खिडक्यांनी. दोन्ही बाजूंच्या उघड्या असतात, आणि त्यावरून मी रोज भांडते, मे महिन्यात गरम वाऱ्यात कोण उघडी ठेवू देतंय. कुणी तरी बंद करतं, मी उघडते, परत बंद. मला वाटायचं मी पेशंटसाठी भांडते.

आज लहान साईजचा आला. मागं डोक्यावरून दोन पट्ट्यांचा, कानाचा नाही. परत टोपडं, परत फवारा, यावेळी मिनिटभर उलटे आकडे मोजले आणि काही लागलं नाही. पास. मात्र जबडा हलवायला जोर लागतो आणि घामानं आत पाणी पाणी होतं, बेचाळीस डिग्रीत हे घालून दोन तास म्हणजे काय ते विचारू नका.

राऊंडला गेले तर कोपऱ्यातल्या विडी वळणाऱ्या आजी म्हणतात, अक्का, आवाज येईना आज तुझा, घसा बसला का?

म्हटलं हो आजी, बसलाय.

जाताना त्यांनी उशीखालून खडीसाखरेची पुडी काढून माझ्या एप्रनच्या खिशात टाकली.